ड्रायव्हर बाजूचं दार

परवा सातवीच्या चित्रकलेच्या उत्तरपत्रिका तपासत होते. एका मुलीनं आकाशाला गडद निळा रंग चढवला होता, नको तितका. मी कागद उचलला, खिडकीशी नेला आणि तिरपा धरला. निळ्याखालून डोंगराची रेघ वर आली. आधी पेन्सिल दाबून काढलेली, मग खोडलेली, मग रंगाखाली दडवलेली. स्टाफरूममध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "हे असं उजेडात धरून काय बघता हो तुम्ही प्रत्येक वेळी?" मी हसून वेळ मारून नेली. चित्रकलेची पदविका घेताना ही सवय मला कुणी लावली नव्हती. ती लागली शेलूबाजारला, आमच्या अंगणात, एका जुन्या ट्रकच्या दारापाशी.

मी शिकवते त्या मानोरा गावात सध्या सकाळची शाळा आहे. साडेअकराला बाहेर पडलं की ऊन अंगावर येतं आणि त्या उन्हात कडुनिंबाच्या मोहोराचा गोडसर-कडू वास मिसळलेला असतो. पोहरादेवीकडे जाणाऱ्या गाड्या वाढल्यात. जीपच्या टपावर माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका, मांडीवर लेकरं. तिथली रामनवमीची जत्रा जवळ आल्याची खूण. इतरांना या दिवसांत काय काय आठवत असेल. मला आठवतो ओल्या पॉलिश पेपरचा आवाज. खस्स, खस्स, खस्स. आणि हाताला तीन-तीन दिवस न सोडणारा थिनरचा वास.

माझे वडील ड्रायव्हर. तीस वर्षं त्यांनी लोकांचे ट्रक चालवले. कापसाच्या गाठी, सोयाबीन, सिमेंट, संत्री, एकदा तर सर्कशीचे खांब. मालक बदलले, गाड्या बदलल्या, बाबांची एक रीत बदलली नाही. सकाळी गाडीला किल्ली लावण्याआधी ते तिच्याभोवती एक चक्कर मारत. हात मागे बांधलेले, मान किंचित वाकडी. आणि परत आल्यावर मालकाच्या दारात उभे राहून म्हणत, "पाहून घ्या, जशी नेली तशी आनली." तीस वर्षांत त्यांच्या हातून गाडीला ओरखडा पडला नाही, असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. इतर ड्रायव्हर म्हणत.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि स्वतःची गाडी घेतली. जुनीच, सहा टायरची, विटकरी रंगाची. गुढीपाडव्याला ती अंगणात आली. मी दोन दिवसांच्या सुट्टीवर माहेरी गेले होते. मायनं चाकांवर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, समोरच्या काचेला गाठी बांधली. बाबा नव्या सदऱ्यात होते आणि फारसं काही बोलत नव्हते. ते फार खूश असले की असेच गप्प होत.

गाडी अंगानं भक्कम होती, इंजिन गोड चालत होतं, पण कातडी पार ओरबाडलेली. बाबांनी मला ते ओरखडे एकेक करून दाखवले, जसे काही ते वाचतच होते. "हे पाह्य, बाभयीचे, बारीक, एकासंग पाच-सहा. पांदनीतून नेली असन कोनंतरी. हा भिताडाचा, रुंद हाय, चुना अजून आत हाय. हे मांगच्या फाळक्यावरचे, दोराचे. हे गाडीच्या कामाचे हायेत, याची शरम नाही." मग त्यांनी मला अंगठा पुढे करायला लावला. "नख फिरव. नाही अडकलं तं घासून, पॉलिश मारून जाते. अडकलं तं लांबी भरा लागते." लांबी म्हणजे डेंटर-पेंटर लोक पत्र्यावर भरतात तो चिकट लगदा. फावल्या वेळात सगळं स्वतः करीन, घाई नाही, असं ते म्हणाले. नवमीला शेजारच्या बागवाल्यांची भाजी पोहरादेवीला न्यायची ठरली होती, ती त्यांची पहिली खेप. तिथं नऊ दिवस पंगती उठतात, वांगी-टमाटे कितीही आले तरी पुरत नाहीत.

ड्रायव्हर बाजूच्या दारावर मोराचं एक मोठं चकचकीत स्टिकर होतं. बाबांना स्टिकरं आवडत नसत. पाडव्याच्या दुपारी पुरणपोळी खाऊन ते गाडी धुवायला लागले. उन्हानं स्टिकरचा एक कोपरा आधीच उठला होता. त्यांनी तो धरला आणि सरळ खाली ओढला.

मी ओट्यावर होते. मला फक्त त्यांचा हात थांबलेला दिसला. पाण्याचा पाइप तसाच जमिनीवर वाहत होता.

मोराच्या खाली, पत्र्यात खिळ्यानं कोरलेला, वीतभर उंचीचा शब्द होता: चोर.

कुणीतरी तो घाईघाईनं विटकरी रंगानं भरायचा प्रयत्न केला होता, ते जमलं नाही म्हणून वर मोर बसवला होता. बाबांनी पाइप बंद केला. गाडीत बसले, ती मागंपुढं घेतली आणि दार गोठ्याच्या भिंतीकडे येईल अशी लावून ठेवली. मग हातपाय धुऊन आत जाऊन झोपले. सणाच्या दिवशी, दुपारी तीन वाजता.

दुसऱ्या दिवशी देवरावकाका गाडी बघायला आले. बाबांच्याच वयाचे, बाबांसारखेच जन्मभर स्टेअरिंगमागे बसलेले. शेलूबाजारच्या स्टँडवर त्यांच्या नजरेचा दरारा होता. कुठली गाडी कुठं ठोकली होती, कुठं रंग मारलाय, हे ते चहा पिता पिता सांगत. भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत ते आडवे शिरले आणि मोठ्यानं वाचते झाले. "चो... र. महादेवा, हे कोनाले लिहेल हाय रे?"

"मले काय मालूम. ज्याच्याजवळून घेतली त्याले फोन केला. थो म्हनते, मी बी अशीच घेतली होती, मोरासकट."

"मंग दुसरं स्टिकर लाव. देवाचं लाव. देवाचं कोन काढन?"

"देवाच्या मांग हे ठिवू?" बाबा म्हणाले. "तीस वर्ष लोकाईच्या गाड्या जशाच्या तशा वापस देल्या मी. आता माह्या सोताच्या दारावर हे घिऊन हिंडू? झाकायचं नाही, देवराव. काढायचं."

त्याच संध्याकाळी ते बागवाल्यांच्या दारोदार गेले आणि सांगून आले की दार साफ झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर निघणार नाही, तुम्ही दुसरी पाहून ठेवा. ते लोक म्हणाले, अष्टमीपर्यंत वाट पाहू. मी शाळेत फोन करून आठवडाभराची रजा टाकली. चित्रकलेची परीक्षा आधीच उरकली होती, कुणाचं अडणार नव्हतं.

मोठ्या रस्त्यावर सलीमभाई पेंटरचं दुकान आहे. पुढं सहा गाड्या उभ्या, सगळ्यांना नवमीच्या आधी नवं व्हायचं होतं. सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, दम घ्यायले टाइमच नाही. पन एक करतो. दार तुमी तयार करून आना, फवारा मी मारून देतो. पन तयार म्हंजे तयार! खाली जे राह्यलं थे रंगातून वर येते." त्यांनी लांबीचा डबा दिला, अस्तराचा रंग दिला, जाड ते बारीक असे चार प्रकारचे पॉलिश पेपर दिले. जुन्या चपलेचा तळवा कापून त्याभोवती पेपर गुंडाळायला शिकवलं, बोटांनी घासलं तर बोटांचे चर पडतात म्हणून. हे सगळं त्यांनी पाच मिनिटांत, हातातला फवारा न थांबवता सांगितलं.

बाबांनी पहिल्या दिवशी ते निम्मंच पाळलं. गाडी भिंतीपासून पुढं घेतली, जाड पेपर घेतला, पाणी मारलं आणि शब्दावर तुटून पडले. तास-दीड तासानं त्यांनी हाका मारल्या. "नंदे! या, या! पाहा!" मी धावले, माय भाजीच्या वाफ्यातून ओल्या हातानं आली. दार ओलं होतं, चमकत होतं आणि त्यावर काहीही नव्हतं. नितळ विटकरी. मायनं हात जोडले. बाबा हसले, पाडव्यानंतर पहिल्यांदा.

आणि आमच्या डोळ्यांदेखत चैत्राचं ऊन ते पाणी पिऊ लागलं. वरून खाली. आधी मात्रा दिसली. मग काना. मग च आणि र. पाण्यानं नुसते चर भरले होते, पाणी उडालं आणि शब्द जसाच्या तसा परत आला. उलट घासल्यानं आता त्याच्या कडा पांढऱ्या दिसत होत्या, जास्तच ठळक. बाबा बाजेवर जाऊन बसले.

मी आज मुलांना सांगते की ओल्या कागदावर विश्वास ठेवू नका, वाळू द्या, मग बघा. ते माना डोलवतात आणि ओल्यावरच दुसरा हात मारतात. मलाही तेव्हा पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच पुढं होऊन लांबी भरली, भर दुपारी, कारण धीर नव्हता. पत्रा इतका तापला होता की लांबी ठेवताक्षणी करकरत सुकत होती. संध्याकाळी घासलं, अस्तर लावलं, सुंदर दिसलं. सकाळी पाहिलं तर लांबी चरांमध्ये खाली बसली होती आणि राखाडी अस्तरावर तोच शब्द सावलीसारखा उमटला होता. सरळ बघितलं तर नाही. पण उगवतीचं तिरपं ऊन दारावर आलं की पहिलीतलं पोरही वाचू शकलं असतं.

मी हातातली लांबी लावायची पत्री फेकली. "बाबा, हे जात नाही," म्हटलं. बाबा म्हणाले, "बागवाल्याईले सांगून येतो." आणि चपला शोधायला लागले.

माय चुलीपाशी होती. ती उठून आली, दारासमोर उभी राहिली आणि तिनं डोळे मिटून तळहात पत्र्यावर ठेवला. डावीकडून उजवीकडं अगदी सावकाश फिरवला. मग पुन्हा. माझी माय चौथी शिकलेली. पण भाजी ठेवायच्या खोलीच्या चारही मातीच्या भिंती तिनं स्वतः लिंपलेल्या आणि दर वर्षी ती त्या नव्यानं लिंपते. गावात कुणाच्या लग्नाचं अंगण सारवायचं असलं की तिला बोलावणं येतं. आम्ही दोघं तीन दिवस त्या दाराकडं नुसतं बघत होतो. हात लावून तिनं पाहिलं.

"अठी खड्डा हाय," ती म्हणाली. "अठी उंचवटा. अन् 'र'ची शेपटी अजून जित्ती हाय. तुमी दोघं जन नुसतं वरतून लिंपून राह्यले. भिताडाचा पोपडा उठला असन तं आपन त्याच्यावर माती लावतो का? पह्यले खरडतो. सगळं खरडा. खालचा पत्रा दिसला पाह्यजे."

"अवं, दार इद्रूप होईन," बाबा म्हणाले.

"आता लय सुंदर हाय का?"

बाबांनी चपला काढून ठेवल्या.

त्या दिवसापासून दार मायच्या ताब्यात गेलं. तिचे नेम साधे होते. काम सकाळी, पत्रा थंड असेपर्यंत. ऊन चढलं की बंद. शब्दापुरतं नाही, चारी बाजूंनी हातभर मोठं खरडायचं, म्हणजे काठ कुठं संपला ते कळू नये. लांबी पातळ, सायीसारखी, एकावर एक. आधीची पूर्ण वाळल्याशिवाय पुढची नाही. आणि दर वेळी डोळे मिटून तळहात. बाबा घासायचे, मी पाणी मारायचे, ती हात फिरवून निकाल द्यायची. "अजून." "अजून." "अठी बस झालं, तठी अजून." तीस वर्षं ज्यांना रस्त्यावर कुणी काही सांगितलं नव्हतं ते बाबा मुकाट्यानं "हाव" म्हणत होते.

खरडताना शब्द मला फार जवळून दिसला. माझं कामच अक्षरांचं वळण बघण्याचं. ते अक्षर शिकलेल्या माणसाचं होतं. च चांगला गोल होता, खिळा दोन ठिकाणी थांबला होता आणि पुन्हा तिथूनच उचलला होता. रागानं कोरलेलं, पण गडबडीनं नाही. मी मायला म्हटलं, "माय, ज्यानं हे लिहिलं त्यानं उगीच नसेल लिहिलं. कुणाचं तरी काहीतरी गेलं असेल."

माय घासता घासता थांबली. तिनं त्यावर विचार केला, हे मला तिच्या भुवयांवरून दिसलं. "गेलं असन," ती म्हणाली. "त्याचा राग खोटा नसन. पन ज्याच्यावर राग होता थो गाडी इकून गेला ना. त्याच्यासंग जायले पाह्यजे होतं हे. आपल्या दारावर कायले राह्यलं?" आणि तिनं पुन्हा चपलेचा तुकडा उचलला.

मधे एक नवंच संकट उभं राहिलं. गाडी कडुनिंबाखाली होती आणि चैत्रात कडुनिंब दिवसभर बारीक फुलं गाळतो. ओल्या लांबीवर ती पांढरी चांदण्यांसारखी चिकटायची, काढायला गेलं की खळगा पडायचा. एरवी मला तो मोहोर किती आवडतो! त्या दोन दिवसांत मी त्याला शिव्या घातल्या. मायनं आपली दोन जुनी लुगडी आणली आणि गाडीच्या टपापासून गोठ्याच्या वळचणीपर्यंत बांधली. हिरव्या आणि जांभळ्या सावलीत आम्ही तिघं काम करत बसलो. येणारे-जाणारे विचारायचे, "काय महादेवभाऊ, लगन हाय का गाडीचं?" बाबा म्हणायचे, "हाव. नवमीची तारीख हाय."

रंगाचं काम माझं होतं. आमच्या घरात रंगातलं कळणारी मी एकटी, असा माझा समज होता. मी डब्यातला विटकरी घेतला, तो गाडीपेक्षा फार भडक होता, म्हणून थेंब थेंब पांढरा आणि तपकिरी घालत गाडीच्या विटक्या अंगाशी जुळवत नेला. दाराच्या खालच्या कोपऱ्यात ठिपका लावला, वाळू दिला. हुबेहूब. मी स्वतःवर जाम खूश झाले. माय म्हणाली, "सगळी गाडी पह्यले घासू. मंग रंग पाह्य." मी तिला समजावलं की रंग जुळलाय, आता गरज नाही. तिनं ऐकलं नाही. पॉलिश घेतलं, जुन्या बनियनच्या चिंध्या घेतल्या आणि बॉनेटपासून सुरुवात केली. बाभळीचे बारीक ओरखडे तिच्या हाताखाली विरत गेले आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षांचं वाळलेलं, उन्हानं मेलेलं कातडंही निघत गेलं. खालून वेगळाच रंग आला. पिकल्या बोरासारखा गर्द, लालसर, जिवंत. माझा हुबेहूब ठिपका त्या गाडीवर चुन्याच्या डागासारखा दिसायला लागला.

ती गाडी तशी आहे, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिच्या अंगावरच्या धुळकट थरालाच तिचा रंग समजून चाललो होतो. मी नवीन डबा फोडला आणि या वेळी त्यात फार काही घालावं लागलं नाही.

सप्तमीच्या सकाळी बाबा गाडी सलीमभाईंकडे घेऊन गेले, मी आणि माय पायी मागून. सलीमभाईंनी दारावर हात फिरवला. मग वाकून एका डोळ्यानं पत्र्याच्या रेषेत पाहिलं. मग बाबांकडं पाहिलं. "हे कोनी केलं?"

बाबांनी मायकडं बोट केलं. माय पदर सारखा करत रस्त्याकडं बघायला लागली.

"भाभी," सलीमभाई म्हणाले, "पंचवीस बरस झाले मले या धंद्यात. माह्या हातून बी असं सपाट कवा कवाच होते." आणि त्यांनी रांगेतल्या सहा गाड्या सोडून आधी आमच्या दारावर फवारा धरला. धुकं उडाल्यासारखा रंग उडाला, एक हात, दुसरा हात, तिसरा. तो थिनरचा तीव्र वास, तो हवेतला लालसर ओलावा, माझ्या चष्म्यावर बसलेले रंगाचे बारीक कण. ते कण मी पुढं कित्येक दिवस पुसले नाहीत.

आता वाळल्यावरची परीक्षा राहिली होती. ती अष्टमीच्या संध्याकाळी झाली, शेलूबाजारच्या स्टँडवर. बाबांनी मुद्दाम ती वेळ निवडली. सूर्य बुडायला आला होता, ऊन पार आडवं, रस्त्यावरचा खडाही लांब सावली टाकत होता. पत्र्यात केसाएवढा चर असता तरी त्या उन्हानं सोडला नसता. बाबांनी गाडी आणली आणि ड्रायव्हर बाजू नेमकी मावळतीकडं करून उभी केली.

देवरावकाका चहाचा ग्लास ठेवून उठले. त्यांच्यामागं आणखी चार-पाच ड्रायव्हर. काकांनी आधी लांबून पाहिलं. मग जवळ आले. एक गुडघा टेकून खालून वर पाहिलं. अंगठा वरून खाली, आडवा, पुन्हा वरून खाली फिरवला. बाबा हात मागे बांधून उभे. काका उठले, गाडीला वळसा घालून पलीकडं गेले, तिकडच्या दारावरही अंगठा फिरवून आले. मग डोकं खाजवत म्हणाले,

"महादेवा, कोनतं दार होतं रे थे?"

बाबा इतक्या जोरात हसले की स्टँडवरची कुत्री उठली. मग देवरावकाका हसले, मग सगळेच. कुणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी चहा सांगितला. बाबा हसता हसता डोळे पुसत होते आणि सारखं एकच म्हणत होते, "सांगत नाही. तूच सांग. सांगतच नाही मी!"

त्यांच्या आयुष्यात मोठे क्षण पुष्कळ आले असतील. मी पाहिलेला सगळ्यात मोठा तो. बाबांचं तेव्हाचं तोंड मी पुढं अनेकदा काढून पाहिलं, पेन्सिलीनं, चारकोलनं, जलरंगात. एकदाही जमलं नाही. हसणारा माणूस काढता येतो. आपल्या नावावरचा डाग गेलेला माणूस कसा काढायचा, ते मला अजून यायचंय.

नवमीला पहाटेच बागवाले हजर झाले. काकांच्या परीक्षेची बातमी रात्रीतून सगळीकडं गेली होती, त्यामुळं ठरल्यापेक्षा दोन घरची भाजी जास्तच आली. वांग्यांची पोती, टमाट्यांचे क्रेट, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कोथिंबीर. कोथिंबिरीच्या वासानं थिनरचा वास पहिल्यांदा मागं सारला. फाळका लागला. मी दुसऱ्या बाजूनं केबिनमध्ये चढले. माय नेहमीप्रमाणं दारात उभी राहिली, निरोप द्यायला.

बाबा खाली उतरले. "अवं, चाल ना."

"मी? कोठी?"

"पोहरादेवीले. समोर बस."

मायला कळेना. तीस वर्षं ती ड्रायव्हरची बायको होती, पण ट्रकच्या केबिनमध्ये ती एकदाही बसली नव्हती. गाड्या मालकांच्या, घरच्या माणसाला बसवायचं नाही असा बाबांचाच दंडक. दर खेपेला ती गाडीचा आवाज वळणापलीकडं जाईपर्यंत दारात उभी राहायची, एवढाच तिचा आणि ट्रकचा संबंध. आता ती पायरीवर पाय कुठं ठेवायचा ते विचारत होती. बाबांनी तिला हात दिला. वर आल्यावर तिनं सीटवरून एकदा तळहात फिरवला आणि काचेतून समोर बघत म्हणाली, "किती उंचावर बसता हो तुमी. सगळंच दिसते अठून."

मंगरूळपीर मागं टाकलं, मानोरा मागं टाकलं. रस्ताभर माणसं चालत होती, तांड्यातांड्यांतून आलेली, डोक्यावर गाठोडी, मधेच ढोलकी. माय प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत होती. "थे पाह्य, शाळा नंदेची. थे पाह्य, केवढे लोक." बाबा गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढं जात होते. मला वाटतं त्यांना ती वाट संपू द्यायची नव्हती.

पोहरादेवीला पोचलो तेव्हा गर्दीनं रस्ता दिसत नव्हता. स्वयंपाकाच्या मांडवापाशी गाडी लावली, बाबा आणि बागवाले पोती उतरवायला मागं गेले. मी पाण्याची बाटली भरायला उतरले. माय केबिनमध्ये एकटी होती, खिडकीत कोपर टेकून.

तेवढ्यात गळ्यात शिटी अडकवलेला एक स्वयंसेवक गर्दीतून वाट काढत आला. घामानं भिजलेला, वैतागलेला. त्यानं दारावर थाप मारली आणि चारी बाजूंना बघत ओरडला, "अरे, ही गाडी कोनाची हाय? कोन हाय मालक?"

मी धावत निघाले, बाबांना हाक मारणार होते. माझ्याआधी मायचा आवाज आला. तिनं खिडकीतून मान बाहेर काढली होती. आवाज मोठा नव्हता, पण मला, स्वयंसेवकाला आणि आजूबाजूच्या सगळ्या बायांना ऐकू गेला.

"माही हाय," माय म्हणाली. "काय म्हन्नं हाय तुमचं?"

तो गडबडला. "नाही, म्हंजे... बाजूले घ्या लागते, माय."

"घेऊ ना. पह्यले भाजी उतरू द्या. लेकरं जेवाची हायेत."

स्वयंसेवकानं शिटी तोंडात धरली, मागं वळला आणि इतर गाड्यांना थांबवून आमच्यासाठी जागा करू लागला.